गाळणी आणि विरळणी : एका तांत्रिक संज्ञेचा इतिहास

अंकीय ग्राहकयंत्रांच्या शास्त्रात ‘डेसिमेशन’ ही संज्ञा आज सर्वत्र रूढ आहे. तिचे मूळ लॅटिन असून, बंडखोर अथवा पळपुट्या रोमन पलटणीतील दर दहावा सैनिक चिठ्ठ्या टाकून ठार करावयाचा, या शिक्षेचे ते नाव होय. अभियंत्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. दहाच्या प्रमाणात ‘डेसिमेशन’ केले असता दहांतील एकच नमुना राहतो व नऊ जातात. भाषेच्या अभ्यासकास असे अर्थांतर नवे नाही. बाधक आहे ती दुसरी गोष्ट. हे नाव टाकून देण्याचा उल्लेख करते आणि टाकण्यापूर्वी जे करावे लागते त्याविषयी मूक राहते. या उपकरणाचा इतिहास बव्हंशी त्या पूर्वक्रियेचाच इतिहास आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

संदेशातील सर्वांत उच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ संदेश पूर्णपणे परत मिळवता येतो, हा सिद्धांत रशियात कोतेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये व अमेरिकेत शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडला. ही मर्यादा ओलांडल्यास काय होते ते मराठीतील एका उदाहरणाने पाहू. ‘जग’ या एकाच लेखनामागे दोन उच्चार आहेत : विश्व या अर्थी तालव्य, आणि ‘जगणे’ या धातूच्या आज्ञार्थी दंततालव्य. या दोहोंतील घर्षणाचा भेद पुष्कळसा उच्च कंप्रतांत असतो. सेकंदास ४८,००० नमुन्यांचे ध्वनिमुद्रण ८,००० वर आणावयाचे, तर सहांतून एक नमुना ठेवावा लागेल. सरळ तसे केले तर ६,००० हर्ट्‌झची ऊर्जा नाहीशी होत नाही. ती २,००० हर्ट्‌झवर उतरते व तेथील खऱ्या ध्वनीत मिसळते. ४,००० हर्ट्‌झच्या वरचे सर्व आधी गाळले, तर भेदाचा काही अंश हरवतो हे खरे. पण जे उरते ते विश्वसनीय असते. हानीची मर्यादा आधीच ठाऊक असते. भेसळ मात्र मागाहून वेगळी काढता येत नाही. म्हणून गाळणी आधी व टाकणे नंतर, हा क्रम अनुल्लंघ्य ठरतो.

ही गाळणी अल्प खर्चात कशी साधावी, हा पुढील काळाचा प्रश्न होता. १९६२ मध्ये जपानमध्ये इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी डेल्टा-सिग्मा पद्धती मांडली; तीत स्थूल नमुने, परंतु अतिशय वेगाने, घ्यावयाचे असतात. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गुडमन यांनी डेल्टा पद्धतीचा असा शीघ्र अंकप्रवाह अंकीय गाळणीतून काढून मंद व सूक्ष्म करण्याचा मार्ग दाखविला. परंतु सामान्य गाळणीस गुणाकार लागतात, आणि चिपवर गुणाकारास जागा व वीज फार लागते. १९८१ मध्ये यूजीन होगेनाउअर यांनी गुणाकाराविना चालणारी गाळणी प्रसिद्ध केली. प्रथम नमुन्यांची चालती बेरीज, मग ठराविक अंतराने एकेक नमुना ठेवणे, आणि शेवटी वजाबाकी, एवढाच तिचा व्यवहार. येथे टाकण्याची क्रिया वरकरणी मध्येच येते. गणिताने पाहता मात्र संपूर्ण गाळणी आधी व टाकणे नंतर, असाच परिणाम मिळतो. व्याकरणात बाह्य रचना व अंतर्गत नियम यांचा क्रम निराळा असू शकतो, तसेच हे आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना ग्राहक-चिपमध्ये स्थिरावली. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या एडी ६६२० या चिपमध्ये होगेनाउअर पद्धतीच्या दोन गाळण्या लागोपाठ असून त्यांच्यामागे गुणाकाराची तिसरी आहे. गुणाकाराविना चालणारी गाळणी इष्ट पट्ट्याच्या कडेस उतार आणते. तो तिसरी गाळणी सावरू शकते. आज हे तत्त्व घरोघरी पोचले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी ठाणे व ऐरोली यांच्या दरम्यान उघडलेल्या दिघा गाव स्थानकावर कोणी मोबाइलवर बोलू लागला, तर त्यातील अंकीय मायक्रोफोनचा प्रवाह याच रीतीने मंद होतो. सेकंदास ३०,७२,००० एकअंकी नमुन्यांतून ६४ च्या प्रमाणात ४८,००० नमुने उरतात.

महाराष्ट्रातील मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातील खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मूळच्या ३२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याऐवजी, नूतनीकरणानंतर, ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा एकदम घेता येतो. परंतु हायड्रोजनच्या रेषेसारखी अरुंद खूण बारकाईने पाहावयाची, तर एवढा विस्तार अडचणीचा होतो. तेव्हा हवा तो भाग शून्याजवळ सरकवून, गाळून, मग नमुने कमी केले जातात. पट्ट्याचा चौसष्टावा भाग घेतला तर ६.२५ मेगाहर्ट्‌झ उरतात. गाळणीत कसूर राहिल्यास शेजारच्या पट्ट्यातील मानवनिर्मित प्रक्षेपण या भागात उतरेल, आणि आकाशाची खूण व पृथ्वीवरील गोंगाट यांत भेद करणे कठीण होईल.

आता संज्ञेकडे वळू. ज्वारी वा कापसाच्या शेतात दाट उगवलेली रोपे उपटून, ठराविक अंतरावर एकेक ठेवण्याच्या कामास शेतकरी ‘विरळणी’ म्हणतो. नमुने कमी करण्यास हाच शब्द योजावा. आणि तो एकटा न वापरता ‘गाळणी-विरळणी’ असा जोडीने वापरावा, म्हणजे क्रम नावातच राहील. होगेनाउअर यांच्या निबंधात उलट क्रियेचा, म्हणजे मधले नमुने भरण्याचाही, विचार आहे. त्यासही शेतीत शब्द तयार आहे : नांग्या भरणे. दोन्ही कामे एकाच शेतातील असल्यामुळे या दोन संज्ञांचे परस्परनाते विद्यार्थ्यास निराळे समजावून सांगावे लागणार नाही.