दरडोई उत्पन्न : आकडा कसा ठरतो आणि काय सांगतो

दरडोई उत्पन्नात अग्रेसर असलेल्या राज्यांच्या यादीत गोव्याचे नाव वर्षानुवर्षे येत आहे. ही बातमी वाचताना अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो : एवढे उत्पन्न आमच्या घरात तर येत नाही, मग ते जाते कुठे? या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्याच्या व्याख्येतच आहे.

काय मोजले जाते?

एका वर्षात देशाच्या सीमेत निर्माण झालेल्या सर्व अंतिम वस्तू आणि सेवांचे मूल्य म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन, अर्थात जीडीपी. यातील ‘अंतिम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, बागायतदाराने १०० रुपयांच्या काजूबिया कारखान्याला विकल्या, कारखान्याने त्यांचे गर १८० रुपयांना दुकानदाराला दिले आणि दुकानदाराने ते २२० रुपयांना विकले. तिन्ही विक्रींची बेरीज ५०० रुपये होते, परंतु तीत त्याच बियांची किंमत तीनदा धरली जाते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाढलेले मूल्य तेवढे मोजतात : १००, ८० आणि ४०, एकूण २२० रुपये. यालाच मूल्यवर्धन म्हणतात.

हीच रक्कम तीन मार्गांनी काढता येते. उत्पादन पद्धतीत मूल्यवर्धनाची बेरीज करतात. उत्पन्न पद्धतीत मजुरी, भाडे, व्याज आणि नफा एकत्र करतात. खर्च पद्धतीत कुटुंबांचा व सरकारचा उपभोग, गुंतवणूक आणि निर्यात यांच्या बेरजेतून आयात वजा करतात. तत्त्वतः तिन्ही उत्तरे सारखी यायला हवीत. प्रत्यक्षात माहिती वेगवेगळ्या स्रोतांतून येत असल्याने थोडी तफावत राहते आणि ती हिशेबात स्वतंत्रपणे दाखवली जाते.

चालू किमतींनुसार काढलेला आकडा केवळ महागाईमुळेही फुगू शकतो. म्हणून एखादे पायाभूत वर्ष धरून स्थिर किमतींनुसार दुसरा आकडा काढतात. विकासदर सांगितला जातो तो सहसा या दुसऱ्या आकड्यावरून.

गणनेचा इतिहास

भारतात असा पहिला महत्त्वाचा प्रयत्न दादाभाई नौरोजी यांनी केला. १८६७-६८ या वर्षासाठी त्यांनी ब्रिटिश भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली. सामान्य माणसाच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे त्यांना राज्यकर्त्यांसमोर आकड्यांनिशी मांडायचे होते.

अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल सिनेटला सादर केला. अशा आकड्यावरून जनतेच्या कल्याणाचा निष्कर्ष काढता येत नाही, असा इशारा त्यांनी त्याच अहवालात दिला होता. संयुक्त राष्ट्रांनी १९५३ मध्ये राष्ट्रीय लेख्यांची समान पद्धती प्रसिद्ध केली.

स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. गोवा तेव्हा पोर्तुगीज राजवटीखाली असल्याने या गणनेच्या बाहेर होता. आज देशाची गणना राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. गोव्यात हे काम नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाकडे आहे.

‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’

मराठी वृत्तपत्रांत या दोन संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. देशांतर्गत उत्पादन जागा पाहते : सीमेच्या आत निर्माण झालेले सारे त्यात येते, मालक कोणीही असो. राष्ट्रीय उत्पन्नात परदेशातून रहिवाशांना मिळालेले वेतन, व्याज आणि नफा मिळवतात व परदेशी गेलेले वजा करतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे आयर्लंडमध्ये दिसले. २०१५ साली तेथील जीडीपी तब्बल २६ टक्क्यांनी वाढल्याचे प्रथम जाहीर झाले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवली होती. सामान्य आयरिश माणसाच्या मिळकतीत तशी वाढ झाली नव्हती. अखेर तेथील सांख्यिकी कार्यालयाने असे परिणाम वगळणारा राष्ट्रीय उत्पन्नाचा सुधारित आकडा स्वतंत्रपणे देण्यास सुरुवात केली.

गोव्याचा आकडा

राज्यांच्या बाबतीत अडचण अधिक आहे. देशाच्या सीमेवर पैशांची ये-जा नोंदवली जाते, दोन राज्यांमध्ये तशी नोंद होत नाही. त्यामुळे राज्याचे उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत झालेले उत्पादन. त्यातून यंत्रे-इमारतींची झीज, म्हणजे घसारा, वजा करून उरलेल्या रकमेला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न मिळते.

म्हणजेच वेर्णा येथील कारखान्याचे मूल्यवर्धन गोव्याच्या खाती पडते, जरी नफा मुंबईतील वा परदेशातील भागधारकांकडे गेला तरी. खनिज आणि हॉटेल व्यवसायालाही हाच नियम लागू आहे. उलट, आखातातून मुलाने घरी पाठवलेले पैसे किंवा जहाजावरील तारवट्याचा पगार, ज्यांवर गोव्यातील असंख्य घरे उभी आहेत, राज्याच्या उत्पादनात धरले जात नाहीत. तो पैसा येथे खर्च झाला की दुकानदाराचे वा गवंड्याचे उत्पन्न तेवढे मोजले जाते. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेले भात हिशेबात येते. ते शिजवणाऱ्या गृहिणीचे श्रम मात्र येत नाहीत.

दरडोई उत्पन्न ही शेवटी सरासरी आहे; वाटणी कशी झाली, ते तिच्यातून कळत नाही. राज्यात किती उत्पादन होते आणि ते वाढते की घटते, हे जाणण्यासाठी हा आकडा उपयुक्त आहे. कुटुंबाची स्थिती जाणायची असेल, तर त्याच्यासोबत घरगुती खर्चाची पाहणी, रोजगाराचे प्रमाण आणि मजुरीचे दरही पाहावे लागतात.