गोळा घ्या, गाडी येतेय

जरा सरकून उभे राहा. मीटरगेजच्या काळातलं चुडावा स्टेशन आहे हे. वैशाखातली दुपार, चपलेतून चटके बसतायत, दगडी कोळशाचा धूर घशात खवखवतोय. गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, रडकी पोरं, सगळा नांदेडचा बाजार तुमच्या अंगावर रेललाय. चला, मास्तरांच्या खोलीत शिरू.

आत तारयंत्राची कडकट्ट चाललीय. लांबच्या तारेत संदेश क्षीण होतो, म्हणून वाटेत कुणीतरी तो ऐकून नव्या बॅटरीच्या जोरावर पुढे ठोकतं. तुम्ही ज्या काळातून आलात तिथं काचेच्या तंतूतून एकेकटा फोटॉन धाडतात. १०० किलोमीटरवर शंभरातला जेमतेम एक पोचतो, २०० वर दहा हजारांतला एक. आणि त्याच्यावरच्या अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल निघत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालंय. तारबाबूंची युक्ती तिथं चालत नाही.

पण त्या कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघा. पुढच्या लिंबगाव स्टेशनाची घंटा वाजली, मास्तरांनी दांडा फिरवला आणि खळकन लोखंडी गोळा पडला. घ्या हातात. जड आहे ना? लिंबगावपर्यंतचा रूळ मोकळा असल्याचा हा परवाना. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, दुसरा नाहीच. रेल्वेतली याहून देखणी युक्ती मला ठाऊक नाही.

गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कडीला. पोर्टर कडी उंच धरतो. इंजिन धडधडत आलं! वाफेचा लोट तोंडावर, डोळ्यांत कोळशाची कच. ड्रायव्हरनं मागच्या पूर्णा स्टेशनाची कडी खाली फेकली, ही दंडात अडकवली. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत एकच गोळा कधीच जात नाही. टप्प्याटप्प्याला गोळा वेगळा.

फोटॉनची वाटही अशीच तोडायची, असं ब्रिगेल, ड्यूर, सिरॅक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये सुचवलं. आधी जवळच्या दोन ठाण्यांत कणांची एकमेकांत गुंतलेली जोडी तयार करायची, ती क्वांटम स्मृतीत सांभाळायची. फोटॉन हरवला तर तेवढाच टप्पा पुन्हा. शेजारचे टप्पे जमले, की मधल्या ठाण्यात दोन्ही बाजूंच्या कणांचं एकत्र मापन करायचं. मग दूरची टोकं थेट एकमेकांत गुंततात. घोडं अडतं ते स्मृतीपाशी. शेजारचा टप्पा जमेपर्यंत तिनं नाजूक अवस्था टिकवायला हवी आणि ती फार लवकर विस्कटते. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच वाढीव क्षणांसाठी झटतायत.