महाड-पोलादपूर परिसरातील झाडकामाचा व्यवसाय आणि मंद हंगामाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

झाडांची छाटणी, तोडणी, लागवड व संगोपन यांवर पोट असणाऱ्यांचा व्यवसाय जगात सर्वत्र ऋतूंशी बांधलेला आहे. युरोपात पानगळीनंतर झाड सुप्तावस्थेत गेले की तेथील परंपरागत छाटणी हिवाळ्यात होत असे. तथापि बर्फ, अल्प दिनमान व घटलेली मागणी यांमुळे झाडकाम करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांस हेच महिने कठीण जातात. कोकणात हे चित्र उलटे दिसते. दसरा-दिवाळीपासून आगोटीपर्यंतचा कोरडा काळ हा येथील झाडकामाचा भर हंगाम, तर जून ते सप्टेंबर हा मंदीचा काळ होय. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत हे चार महिने कसे निभवावयाचे, हा प्रश्न कित्येक पिढ्यांसमोर राहिला आहे. झाडकामावर जगणाऱ्यांनी मंद हंगाम कोणत्या मार्गांनी निभावला आणि त्या मार्गांचे सामाजिक मोल काय होते, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

झाडाचे मोल : शिवकालीन परंपरा

स्वराज्याची राजधानी रायगड महाड तालुक्यात आहे. त्या राज्यव्यवस्थेचे सार सांगणारे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचे मानले जाते. आरमारासाठी लागणारे लाकूड परवानगीने तोडावे, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने दीर्घकाळ जतन केलेली असल्याने त्यांस हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातील आशय आहे. झाड लावणे व वाढविणे हे श्रमाचे काम आहे आणि त्या श्रमाला मोल आहे, ही जाणीव येथे स्पष्टपणे आढळते. पुढील काळात मात्र झाडाचे मोल वाढत गेले, तरी झाडावर राबणाऱ्याचे मोल त्या प्रमाणात वाढले नाही.

राबपद्धती आणि शेतीशी जोडलेले झाडकाम

या परिसरातील सर्वांत व्यापक झाडकाम म्हणजे राबासाठी होणारी कवळतोड. भातकापणी आटोपल्यानंतर ऐन, किंजळ इत्यादी झाडांच्या फांद्या छाटल्या जात. त्या वाळवून, भाताच्या दाढीवर गवत, शेण व माती यांच्यासह पसरून उन्हाळ्यात भाजल्या जात. मूळ झाड राखून फांद्याच काढल्यामुळे तेच झाड पुन्हा उपयोगी पडे. कोठे व किती छाटावे याचे ज्ञान गावात पिढीजात होते.

राबपद्धतीचे अर्थशास्त्रीय महत्त्व असे की, तिच्यात मंद हंगामाचे उत्तर अंतर्भूत होते. कोरड्या दिवसांत झाडावर चालणारा कोयता पावसाळ्यात भातशेतीचा आधार होई. हिवाळ्यातील श्रम राखेच्या रूपाने दाढीत पडत आणि आवणीच्या वेळी कामी येत. ज्याच्याजवळ भातखाचर व त्याला जोडलेली वरकस जमीन होती, त्याच्यासाठी पावसाळा हा बेकारीचा काळ नव्हता. ज्याच्याजवळ जमीन नव्हती, त्याच्यासाठी मात्र तो उपासमारीचा काळ होता. मंद हंगामाचा प्रश्न मुळात निसर्गाचा नसून जमिनीच्या वाटपाचा होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

वनकायदे आणि बदललेली चौकट

1865 व 1878 च्या वनकायद्यांनी या व्यवस्थेवर आघात केला. राखीव जंगलात कवळतोडीवर निर्बंध आले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्यांची रानावरील वहिवाट हिरावल्याची तक्रार मांडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. आयोगापुढील चर्चेत राबाचा प्रश्न प्रमुख होता. राबामुळे जंगल नष्ट होते असे वनाधिकाऱ्यांचे म्हणणे, तर राबाविना भात पिकत नाही असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते.

या वादात खातेदार शेतकऱ्याला काही अंशी तरी आवाज मिळाला. भूमिहीन कातकरी समाजाची स्थिती अधिक बिकट झाली. खैरापासून काथ पाडणे हा ज्यांचा पूर्वापार व्यवसाय आणि ज्यावरून समाजाचे नाव पडले, त्या कामावरच निर्बंध आले. कातकऱ्यांना कोळशाच्या भट्ट्या, लाकूडतोड आणि पुढे वीटभट्ट्या या ठेकेदारी कामांकडे वळावे लागले. काम तेच, झाडाचेच. परंतु झाडाशी असलेले नाते मालकीचे वा वहिवाटीचे न राहता मजुरीचे झाले.

उचल : मंद हंगामाची किंमत

कोळसा व लाकूडतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपे. आगोटीला घरात धान्याची भरणी करण्याइतकी शिल्लक क्वचितच उरे. पावसाळ्यात कंदमुळे, रानभाज्या, ओढ्यातील मासे-खेकडे आणि आवणीची मजुरी यांवर कुटुंब तग धरी. गणपतीच्या सुमारास धान्य संपले की मुकादमाकडून वा ठेकेदाराकडून उचल घेतली जाई आणि ती पुढील हंगामातील श्रमांनी फेडावी लागे. हिशेब ठेकेदाराच्या वहीत असल्याने फेड पूर्ण झाली किंवा नाही हे तोच ठरवी.

या व्यवस्थेत मंद हंगामाचा सारा भार मजुराच्या माथी पडे. पुढील हंगामाचे मनुष्यबळ ठेकेदाराला अत्यल्प खर्चात बांधून मिळे. मजुराला मात्र चार महिन्यांच्या अन्नासाठी आठ महिन्यांचे स्वातंत्र्य गहाण ठेवावे लागे. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी बांधिलकी बेकायदेशीर ठरविली. रायगड जिल्ह्यात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी हा प्रश्न धसास लावला. तथापि पावसाळ्यातील अन्नाची सोय झाल्याशिवाय केवळ बंदीने उचल थांबत नाही, असाच अनुभव आहे. आदिवासी विकास महामंडळाच्या खावटी कर्ज योजनेमागे हीच जाणीव होती. 2020 मध्ये शासनाने कर्जाऐवजी खावटी अनुदान मंजूर केले. त्यानुसार प्रतिकुटुंब 4000 रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, देण्याचे ठरले. चार महिन्यांच्या गरजेच्या तुलनेत ही रक्कम अपुरी होती. तरीही मंद हंगाम हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय आहे, हे तत्त्व तिच्यामुळे मान्य झाले.

कलम व फळबाग : मंद हंगामाचे रूपांतर

मंद हंगामाला कामाच्या हंगामात बदलण्याचा प्रयत्न फलोत्पादनाच्या क्षेत्रात झाला. दापोली येथे 1972 मध्ये कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आंब्याच्या कोय कलमाचा प्रसार या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. आंब्याचा हंगाम संपताना कोयी मुबलक मिळतात आणि पावसाळ्यातील दमट हवेत कलम चांगले जुळते. त्यामुळे कलमे बांधण्याचे काम नेमके जून ते ऑगस्टमध्ये येते. कोरड्या दिवसांत छाटणी करणाऱ्या हातांना पावसाळ्यात रोपवाटिकेत काम मिळण्याची शक्यता येथे निर्माण झाली.

1990 मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम सुरू केला. उन्हाळ्यात खड्डे खणणे, पावसाच्या आरंभी आंबा-काजूची कलमे लावणे आणि पुढे आळी करणे, कुंपण घालणे, पाणी देणे असे कामाचे वर्षभराचे वेळापत्रक त्यातून उभे राहिले. 2018 मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेनेही हीच दिशा पुढे नेली. परंतु या योजनांचा थेट लाभ सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास मिळतो. कातकरी कुटुंबे कसत आलेल्या दळी जमिनींचा प्रश्न 2006 च्या वनहक्क कायद्यापर्यंत रेंगाळला. त्यामुळे फळबागेने खातेदाराचा मंद हंगाम भरून काढला. भूमिहीनाला त्यातून प्रामुख्याने मजुरीच मिळाली.

परवाना, रस्ता आणि आपत्ती

1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ आदी झाडे अनुसूचित केली आणि खाजगी जमिनीवरील तोडीसही परवानगी आवश्यक ठरली. 1975 च्या कायद्याने नागरी क्षेत्रातील झाडांस संरक्षण मिळाले. संरक्षणाच्या दृष्टीने हे कायदे योग्यच होते. तथापि परवानगीची कागदपत्रे हाताळणे छोट्या व्यावसायिकाला अवघड आणि मोठ्या ठेकेदाराला सोपे होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वृक्ष तुटले. ते कामही ठेकेदारीचेच होते.

अलीकडील आपत्तींनी प्रश्नाला नवे परिमाण दिले आहे. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव आदी ठिकाणी दरडी कोसळल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यात बागा व घरांजवळची मोठी झाडे उन्मळून पाडली. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथील दरडीत 80 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दरडींची कारणे अतिवृष्टी, उतार, माती व भूरचना अशी अनेक आहेत. ती केवळ वृक्षतोडीला चिकटविणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र उतारावरील वनस्पती-आच्छादन राखणे, धोकादायक फांद्या पावसापूर्वी उतरविणे आणि वादळानंतर पडलेली झाडे सुरक्षितपणे हलविणे ही कुशल कामे आहेत, आणि त्यांची गरज पावसाळ्याच्या आगेमागेच निर्माण होते. ज्या महिन्यांत झाडकाम करणारा रिकामा असतो, त्याच महिन्यांच्या उंबरठ्यावर त्याच्या कौशल्याची समाजाला सर्वाधिक निकड भासते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, महाड-पोलादपूर परिसरात झाडकामाचा मंद हंगाम हा पावसाळा असून त्याची तीव्रता जमीनधारणेवर अवलंबून राहिली. दोन, राबपद्धतीने झाडकाम व शेती यांची सांगड घालून हा काळ निभावला. वनकायद्यांनी ही सांगड सैल केली आणि भूमिहीनांच्या वाट्याला उचलीचे चक्र आले. तीन, कोय कलम व फळबाग लागवड यांनी मंद हंगामातही उत्पादक काम उभे राहू शकते हे दाखविले. परंतु त्याचा लाभ मुख्यतः खातेदारांपुरता राहिला. चार, ग्रामपंचायती, महाड नगरपरिषद व पोलादपूर नगरपंचायत यांनी पावसाळापूर्व छाटणी, रोपवाटिका आणि उतारावरील लागवड ही कामे स्थानिक झाडकाम करणाऱ्यांच्या गटांना थेट दिली, तर मंद हंगामाची झळ कमी होऊ शकेल. झाड राखण्याचे धोरण आखताना झाडावर राबणाऱ्याच्या वर्षभराच्या पोटाचा विचार वगळला, तर ते धोरण कागदावरच राहते, हाच या परिसराच्या इतिहासाचा बोध आहे.