विद्यार्थी परिषद : शाळेच्या कारभारात मुलांचा शब्द

विद्यार्थी परिषद म्हणजे विद्यार्थ्यांनी आपल्यातून निवडून दिलेले व शाळेच्या कारभाराविषयी त्यांच्या वतीने बोलणारे प्रतिनिधी मंडळ होय. आपल्या अनेक शाळांत विद्यार्थीप्रमुख, गटनायक व वर्गप्रतिनिधी असतात. वर्षारंभी त्यांना बिल्ले दिले जातात, त्यांचा शपथविधीही होतो. मात्र रांगा लावणे व वर्ग शांत ठेवणे एवढेच काम त्यांच्याकडे असेल, तर ते शिक्षकांचे साहाय्यक ठरतात, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी नव्हेत. हा भेद आपण प्रथम ध्यानी घ्यायला हवा.

संयुक्त राष्ट्रसंघाने 1989 साली संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमानुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक बालकाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे. त्याचे वय व परिपक्वता लक्षात घेऊन त्या मताला योग्य महत्त्व दिले पाहिजे. ही संहिता रोमच्या पवित्र पीठाने 1990 साली व भारताने 1992 साली स्वीकारली. मूल म्हणेल तसेच करावे, असा तिचा अर्थ नाही; त्याचे म्हणणे ऐकल्याविना निर्णय घेऊ नये, असा आहे.

आयर्लंडमधील अनेक माध्यमिक शाळा कॅथलिक धर्मसंघांनी स्थापिलेल्या आहेत. तेथील 1998 च्या शिक्षण कायद्याच्या 27 व्या कलमाने माध्यमिक विद्यार्थ्यांना परिषद स्थापन करण्याची मुभा दिली आणि त्यांना उत्तेजन व साहाय्य देणे हे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे कर्तव्य ठरविले. परिषदेची स्थापना व सदस्यांची निवड यांचे नियम मंडळ करते. बैठकांचे नियम मात्र मंडळाशी विचारविनिमय करून परिषद स्वतः करते.

भारतातील 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना किमान तीन चतुर्थांश जागा दिल्या; त्या कलमात विद्यार्थ्यांचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात या समितीवर दोन विद्यार्थीही घेतले जातात. तथापि दोन मुले म्हणजे संपूर्ण शाळेचा आवाज नव्हे.

अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना केवळ शोभेसाठी वा नावापुरते पुढे करणे हा सहभागच नव्हे, असे त्यांनी दाखविले. आपली परिषद कोणत्या पायरीवर आहे, हे आपणही तपासावे.

त्यासाठी काही गोष्टी पुरेशा आहेत. निवड गुप्त मतदानाने व्हावी, म्हणजे केवळ शिक्षकांची आवडती मुले निवडली जाणार नाहीत. पिण्याचे पाणी, मुलींचे स्वच्छतागृह, दप्तराचे ओझे, सहलीचा खर्च असे विषय परिषदेपुढे यावेत. प्रत्येक सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. नकार असल्यास त्याचे कारणही द्यावे. गुणदान, शिक्षकांची नेमणूक व व्यक्तिगत तक्रारी हे परिषदेचे विषय नव्हेत, हेही आरंभीच स्पष्ट करावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2020 साली जागतिक शिक्षण करारासाठी सात संकल्प मांडले. बालके व तरुण यांचा आवाज ऐकणे हा त्यांपैकी दुसरा होय. ज्या मुलाला गळक्या नळाविषयी बोलल्यावर उत्तर मिळते, तेच मूल उद्या छळाविषयी वा भीतीविषयी बोलण्याचे धैर्य करते. ज्याला उत्तर मिळत नाही, ते गप्प राहायला शिकते. ही शिकवण आपल्या शाळांनी कोणालाही देऊ नये.