रोड बाइकसाठी ट्यूबलेस टायर : निवड आणि निगा

मोटारी आणि स्कूटरींमुळे ‘ट्यूबलेस’ हा शब्द शहरी वाचकांना नवा राहिलेला नाही. खिळा रुतला तरी टायर एकदम बसत नाही, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. आता रोड बाइक, म्हणजेच अरुंद टायरच्या, वेगासाठी बांधलेल्या सायकलींतही हे तंत्र रुळले आहे. मात्र मोटारीचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. सायकलचा ट्यूबलेस टायर पंक्चरपासून पूर्ण मुक्ती देत नाही. रस्त्यावरची बरीचशी कटकट तो घरी आणून ठेवतो, आणि घरी ती कोणी निस्तरली नाही तर दुप्पट करून परत देतो. शिवाय टायर आणि रिम यांची जोडी चुकली, तर प्रश्न गैरसोयीचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

मोटारीहून वेगळे काय?

मोटारीच्या ट्यूबलेस टायरला आतून हवा धरून ठेवणारा रबराचा जाड थर असतो. सायकलचा टायर हलका ठेवायचा असल्याने हा थर पातळ असतो किंवा नसतोच. त्यामुळे टायरमध्ये सीलंट हा पातळ द्रव घालावा लागतो. बहुतेक सीलंट लॅटेक्सवर आधारित असतात. छिद्र पडताच हवेबरोबर सीलंट बाहेर येऊ लागते आणि छिद्राच्या तोंडाशी साकळून ते बुजवते.

दुसरा फरक दाबाचा. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. रोड बाइकमध्ये अनेकदा त्याच्या दुप्पट. दाब जितका अधिक, तितके सीलंट छिद्र बुजण्याआधीच उडून जाण्याची शक्यता अधिक. डोंगरी सायकलींसाठी मॅव्हिक, हचिन्सन आणि मिशलिन या फ्रेंच कंपन्यांनी १९९९ मध्ये ट्यूबलेस पद्धत आणली. रोड बाइकसाठी हचिन्सन आणि शिमानो यांनी ती आणण्यास २००६ उजाडले. पुढेही अनेक वर्षे प्रत्येक कंपनीची मापे थोडीफार वेगळी राहिली आणि टायर चढवताना सायकलस्वारांची बोटे सोलवटून निघाली. २०१९ मध्ये ‘ईटीआरटीओ’ या युरोपीय संघटनेने समान मापे निश्चित केल्यानंतर परिस्थिती सुधारली.

फायदा कशात?

ट्यूब नसल्यामुळे खड्ड्याची धार बसून ट्यूब रिमवर चेमटण्याचा आणि तिला जोडछिद्रे पडण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून हवा थोडी कमी ठेवता येते. खडबडीत डांबरावर हादरे कमी बसतात आणि वळणावर पकड वाढते. ट्यूब व टायर यांच्यातील घर्षणही टळते. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधील बारीक तारा पडलेल्या असतात, तर गावच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे. अशी बारीक छिद्रे सीलंट बहुधा स्वाराच्या नकळत बुजवते. तीन मिलिमीटरहून मोठे छिद्र किंवा काचेने टायरच्या बाजूला पडलेला चिरा मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

निवडताना

प्रथम रिम पाहावी. ती ट्यूबलेससाठी बनवली आहे का, आतून किती रुंद आहे आणि तिच्या कडेला आतल्या बाजूने आकडा, म्हणजे हूक, आहे का, या तीन गोष्टी तपासाव्यात. हूक असलेली रिम टायरची कड, म्हणजे बीड, अडकवून धरते. हूकलेस रिममध्ये सारा भार बीडच्या न ताणले जाण्याच्या गुणावर असतो. म्हणूनच हूकलेस रिमवर साधा ट्यूबचा टायर कधीही चढवू नये, अगदी आत ट्यूब घालूनही नाही. टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ असा शिक्का हवा आणि तो हूकलेस रिमवर चालतो, असे टायरच्या उत्पादकाने स्पष्ट म्हटलेले हवे.

हूकलेस रिमवर कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२.५ पीएसआय. रिम आणि टायर यांवर वेगवेगळे आकडे असतील, तर लहान आकडा मानावा. रुंदीचेही तसेच. १९ ते २१ मि.मी. आतील रुंदीच्या रिमवर २८ मि.मी.चा टायर योग्य बसतो, २५ मि.मी. रुंदीच्या हूकलेस रिमसाठी टायर किमान २९ मि.मी.चा असावा, असा संकेत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत बेल्जियमचा थॉमस दे गेंट पडला, तेव्हा त्याचा टायर हूकलेस रिमवरून निघाल्याचे दिसले. त्यानंतर या रिमच्या सुरक्षिततेची चर्चा जगभर झाली आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघालाही त्यात लक्ष घालावे लागले.

सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने २८ मि.मी.च्या टायरमध्ये पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआयपासून सुरुवात करावी व अनुभवाने थोडा बदल करावा. ३२ मि.मी.च्या टायरला ५० च्या आसपास पुरते. वजन जास्त असलेल्यांनी दाब वाढवण्यापेक्षा, फ्रेममध्ये जागा असल्यास, रुंद टायर घेणे श्रेयस्कर.

बसवताना

रिमच्या आत स्पोकची छिद्रे झाकणारी टेप आतील रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असावी. हवा न टिकण्याच्या तक्रारींचे मूळ बरेचदा सुरकुतलेल्या टेपमध्ये असते. टायर चढवताना बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत न्यावी; ढिलाई तेथूनच मिळते. कडांना साबणाचे पाणी लावून हवा भरली की बीड ‘टक्’ असा आवाज करत जागेवर बसते. टायरवरील रेषा रिमपासून सर्वत्र समान अंतरावर दिसली पाहिजे. आवाज येईपर्यंत हवा भरत राहण्याच्या नादात कमाल दाब ओलांडू नये. व्हॉल्व्हचे नट हातानेच आवळावे. पकडीने आवळलेले नट रस्त्यात सुटत नाही.

निगा

रोड बाइकच्या एका टायरला ३० ते ५० मि.ली. सीलंट लागते, आणि ते सुकते. आपल्याकडील उन्हाळ्यात तर दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालणे आवश्यक. सुकलेल्या सीलंटचा ट्यूबलेस टायर म्हणजे ट्यूबही नाही आणि संरक्षणही नाही. हवाही हळूहळू कमी होतेच, त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी दाब पाहावा.

रस्त्यात छिद्र पडल्यास ते खालच्या बाजूला आणून चाक थोडे फिरवावे. तेवढ्याने भागले नाही, तर सायकलसाठीची बारीक रबरी पट्टी छिद्रात खुपसावी. स्कूटरच्या दुरुस्तीतील जाडजूड पट्टी या टायरला चालत नाही. गॅसच्या नळकांड्यातील कार्बन डायऑक्साइडने काही सीलंट गोठतात. छोटा पंप अधिक भरवशाचा. आणि एक ट्यूब सोबत हवीच. ती घालण्यापूर्वी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा आणि टायर आतून जपून चाचपावा. सीलंटने बुजवलेल्या जुन्या छिद्रांतले काटे आणि तारा तेथेच टोके वर करून असतात. नवी ट्यूब त्यांच्यावरच पंक्चर होते.

कोणासाठी?

आठवड्याला दोन-तीन छोट्या फेऱ्या मारणाऱ्या आणि सायकल महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्या स्वारास चांगली ट्यूब व टायर पुरेसे आहेत. पंक्चर गल्लीच्या कोपऱ्यावरही निघते. याउलट नियमित लांब अंतर तोडणाऱ्यांना, विशेषतः ब्रेवेमध्ये भाग घेणाऱ्यांना, ट्यूबलेस लाभदायक ठरते. तेथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि नियंत्रण केंद्रांव्यतिरिक्त बाहेरची मदत घेता येत नाही. रात्री घाटात टाळता आलेले एक पंक्चर घरच्या सगळ्या खटाटोपाची भरपाई करते. ज्याला हा खटाटोप नको, त्याने ट्यूबच वापरावी. त्यात कमीपणा काहीच नाही.