साहेबाच्या दारातला शिपाई

साहेबाला भेटायचं तर आधी दारातल्या शिपायाला भेटावं लागतं, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आपण म्हणतो, "सांग, वसंत माधव आलेत." तो आत जाऊन सांगतो, "साहेब, दोघं आलेत. एक वसंत, एक माधव."

संगणकाच्या पोटातही असाच एक शिपाई बसलेला असतो. काळ्या पडद्यावर ज्या ओळीत हुकूम लिहायचा, तिला जाणकार 'कमांड लाइन' म्हणतात. आपली समजूत अशी, की आपण हुकूम लिहिला म्हणजे तो थेट काम करणाऱ्याच्या हातात पडला. छे! तो आधी 'शेल' नावाचा शिपाई वाचतो. मोकळी जागा दिसली की तिथं वाक्य तोडतो. तारांकन दिसलं तर "सगळे या!" असं समजून तिथल्या झाडून साऱ्या फायलींची नावं यादीत घालतो. मग उरलंसुरलं आत पोचवतो. तुम्हाला खरोखरच तारांकन म्हणजे तारांकन म्हणायचं असलं, तर ते त्याला वेगळं बजावावं लागतं. या बजावण्याला इंग्रजीत 'एस्केप' म्हणतात. म्हणजे त्या चिन्हाची त्याच्या खास अर्थातून सुटका करायची.

या सुटकेचा इतिहास आमच्या पेन्शनच्या नियमांइतकाच गुंतागुंतीचा आहे. 1969 साली न्यू जर्सीतल्या मरे हिल इथं, बेल लॅबोरेटरीत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. तेव्हा पडदा कुठला? टेलिटाइपवर खडखडाट करत कागदावर अक्षरं उमटायची, तीही सेकंदाला दहा. कागदावरचं खोडणार कसं? म्हणून चौकटीचं चिन्ह टंकलं की मागचं एक अक्षर रद्द आणि 'ॲट'चं चिन्ह टंकलं की अख्खी ओळ रद्द, असा करार ठरला. करार उत्तमच, पण एखाद्याला ती चिन्हंच लिहायची असली तर? मग त्यांच्याआधी एक उलटी तिरकी रेघ मारायची. "पुढच्या इसमाला अडवू नये, तो साधा माणूस आहे," अशी ती चिठ्ठी.

ही उलटी रेघ मुळात या कामासाठी जन्मलीच नव्हती. 1961 साली बॉब बेमर या गृहस्थांनी ती संगणकाच्या लिपीत आणली ती अल्गोल भाषेसाठी. एक सुलटी आणि एक उलटी रेघ टेकवली की 'आणि' व 'किंवा' यांची तर्कशास्त्रातली चिन्हं तयार व्हायची. अल्गोल कधीच अडगळीत गेली, रेघ मात्र कामाला राहिली. नेमणूक एका खात्यात आणि जन्म गेला दुसऱ्याच खात्यात, असे लोक आमच्याकडेही आहेत.

1979 साली स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि अवतरणचिन्हांचे नियम पक्के झाले. एकेरी अवतरणचिन्हांत जे घालाल ते जसंच्या तसं आत जातं. दुहेरी चिन्हं जरा सैल. त्यांच्यात तारांकनाची मिजास उतरते, मोकळी जागा मुकाट बसते. पण डॉलरच्या चिन्हाचं वजन तिथंही कायम! डॉलर कुठंही चालतो, ही गोष्ट शेलला फार आधी कळली होती.

एकेरी चिन्हांची एकच पंचाईत. त्यांच्यात सगळं मावतं, फक्त एकेरी चिन्ह मावत नाही. आता आमच्या वसईच्या एखाद्या डिसूझाने आडनाव इंग्रजीत लिहिलं की 'डी'नंतर नेमकं तेच चिन्ह येतं. तिथं चिन्ह मिटायचं, बाहेर येऊन उलटी रेघ मारून ते एक चिन्ह लिहायचं आणि मग नवं चिन्ह उघडून पुन्हा आत शिरायचं. आणि मिटायचं विसरलात, तर शेल रागावत नाही. एक बाण दाखवून तो "हं, पुढे?" म्हणत स्वस्थ बसून राहतो. आमच्या सासरच्या मंडळींखेरीज इतक्या शांतपणे वाट पाहणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

विंडोजचं घराणं निराळं. तिथं उलट्या रेघेला 1983 सालीच फोल्डरांच्या वाटा दाखवायला जुंपलेलं, कारण सुलटी रेघ आधीच दुसऱ्या कामात अडकली होती. म्हणून तिथल्या शिपायासाठी टोपीसारखं एक चिन्ह नेमलं. शिवाय तिथं हुकूम तोडून नव्हे, तर अखंड कागद म्हणून आत जातो आणि प्रत्येक साहेब तो आपल्या चष्म्याने वाचतो.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण 'ध'चा 'मा' होतो तो इथंच. नारायणरावांच्या त्या चिठ्ठीबद्दल इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. संगणकात अक्षरही बदलावं लागत नाही, मोकळी जागा पुरते. 2001 साली ॲपलने आयट्यून्सची दुसरी आवृत्ती काढली. ती बसवताना जुनी प्रत पुसायचा हुकूम सुटायचा, पण त्यात डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली होती. ज्यांनी डिस्कच्या नावात मोकळी जागा ठेवलेली, त्यांच्यातल्या काहींचं नाव दोन तुकड्यांत फुटलं आणि गाणी ऐकायला बसलेल्या त्या लोकांची डिस्कच साफ झाली. ॲपलने घाईघाईने सुधारलेली प्रत काढली. गेलेला मजकूर त्या प्रतीने थोडाच परत येतो!

चेकवर "रुपये पाचशे फक्त" लिहून पुढे आडवी रेघ का ओढतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजायला संगणकाची पदवी नको. मोकळी सोडलेली जागा कुणीतरी भरतोच.

एप्रिल 2024 मध्ये तर उघड झालं, की विंडोजवर बॅच फायलींकडे शब्द पाठवताना कितीतरी भाषांची गुंडाळणी अपुरी पडते. एखाद्या लबाडाने शब्दात अवतरणचिन्ह लपवून पाठवलं, तर त्यामागून तो स्वतःचा हुकूमही चालवू शकत होता. रस्ट या भाषेतल्या त्या दोषाला धोक्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. बी.कॉम.ला मला असे गुण कधी पडले नाहीत. रस्टच्या मंडळींनी गुंडाळणी पक्की केली आणि वर एक नियम केला: जो शब्द सुरक्षित गुंडाळता येणार नाही, तो शिपायाच्या हाती द्यायचाच नाही, चूक दाखवून परत करायचा. आमच्याकडे अशा कागदाला रिटर्न मेमो जोडतात.