गाडी विकली, पैसेही आले, पण आरसीवर नाव अजून तुमचंच? जुनी कार विकण्याचा चांगला मार्ग कोणता

सोलापुरात कुणी जुनी कार विकायला काढली की सगळे एकच विचारतात, "किती आले?" शेजारी, मेव्हणे, गॅरेजवाले, प्रत्येकाकडे आपापला आकडा तयार असतो. कोणी म्हणतं एजंटला देऊन टाका, कोणी म्हणतं पुण्याला न्या, तिकडे जास्त मिळतील. गाडी तुमच्या नावावरून कधी निघणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आणि खरी गोची तिथेच आहे.

सौदा साधारण असा होतो. एजंट किंवा घेणारा 'टीटी फॉर्म' पुढे करतो. हे म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. त्यावर नाव नाही, तारीख नाही, नुसत्या आपल्या सह्या. आरसी, विम्याची कॉपी, चावी दिली, पैसे घेतले, हात मिळवला, झालं. सांगोल्याच्या बाजारात बैल विकला आणि दावं दुसऱ्याच्या हातात दिलं की जुन्या मालकाचा संबंध संपतो. गाडीचं दावं मात्र आरटीओच्या नोंदीला बांधलेलं असतं. तिथून ते सुटेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच.

हे किती महागात पडू शकतं, ते सुप्रीम कोर्टाच्या एका निकालातून कळतं. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्याचा निकाल ६ फेब्रुवारी २०१८ रोजी लागला. मूळ मालकाने कार २००७ मध्ये विकली होती. पुढे ती आणखी हातांतून फिरली, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? मूळ मालक म्हणाला, मी तर दोन वर्षांपूर्वीच विकली. कोर्टाने ते मान्य केलं नाही. मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक, आणि जबाबदारीही त्याचीच. अपघातग्रस्त कुटुंबाने गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

म्हणून 'चांगला मार्ग कोणता' याचं उत्तर शोधताना भावासोबत दुसरा आकडाही बघा: नाव किती दिवसांत बदलून मिळणार? कायदा सांगतो की गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (तोच फॉर्म २९) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा (तो फॉर्म ३०). म्हणजे कळवण्याची जबाबदारी तुमचीही आहे, सगळं समोरच्यावर सोडून चालत नाही.

थेट ओळखीत विकली तर

भाव बहुतेक वेळा इथेच सगळ्यात चांगला येतो, कारण मधला माणूस नसतो. ओळखीतलं गिऱ्हाईक असेल तर गाडीचा इतिहासही त्याला माहीत असतो, 'सिंगल हँड' असल्याचं पटवून द्यावं लागत नाही. पण कामही सगळं तुम्हालाच करावं लागतं. फोटो, फोन, ट्रायल, घासाघीस, मग आरटीओ. आणि ओळख आहे म्हणूनच "नावाचं बघू नंतर" हे वाक्य इथे जास्त ऐकू येतं. माझं मत विचाराल तर भावकीत किंवा मित्राला गाडी देतानाच कागद जास्त कडक ठेवावेत. नाव बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात, दोघांनी मिळून करावा. हे आधीच बोललं की कुणाला वाईट वाटत नाही.

ऑनलाइन जाहिरात टाकून विकणार असाल तर एक फसवणूक ओळखून ठेवा. समोरचा गाडी न बघताच "घेतो" म्हणतो, टोकन पाठवतो सांगतो आणि क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. ट्रायलला गाडी देताना शेजारच्या सीटवर स्वतः बसा आणि समोरच्याचं लायसन्स आधी बघून घ्या.

एजंट आणि जुन्या गाड्यांचे डीलर

इथे दोन प्रकार आहेत. एक, तो तुमच्याकडून गाडी विकत घेतो आणि पैसे देतो. दुसरा, गाडी त्याच्या जागेवर लावून ठेवायची, गिऱ्हाईक आलं की कमिशन कापून पैसे. दुसऱ्यात आकडा मोठा दाखवला जातो, पण गाडी महिनाभर कोण कुठे फिरवतंय ते तुम्हाला कळत नाही.

यासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, ते ५ वर्षांसाठी मिळतं. अशा अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी भरून पोर्टलवर कळवायचं. तिथून पुढे गाडीचा मालक डीलरच मानला जातो. गाडी विकायला लागेल तेवढा वेळ लागो, मधल्या काळातली जबाबदारी त्याची. म्हणून एजंटला पहिला प्रश्न भावाचा नको, "अधिकारपत्र आहे का, २९सी करणार का?" हा हवा. नाही म्हणाला तर त्याच्याकडे फक्त विक्रीची मध्यस्थी ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका, खरा घेणारा समोर आल्यावर त्याच्या नावासकट करा.

शोरूमचं एक्स्चेंज आणि ऑनलाइन कंपन्या

नवी गाडी घेणार असाल तर एक्स्चेंज सगळ्यात सोपं. पण जुन्या गाडीचा भाव आणि 'एक्स्चेंज बोनस' हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. समजा शोरूमने जुन्या गाडीचे ३ लाख आणि बोनस २५ हजार सांगितला आणि बाहेर तीच गाडी ३ लाख ४० हजारांना जाते आहे, तर फरक १५ हजारांचा राहतो. तेवढ्यासाठी डोक्याला ताप घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. शोरूमही पुष्कळदा ती गाडी पुढे डीलरलाच देतं, तेव्हा नावाचं लेखी इथेही घ्या.

ऑनलाइन कंपन्या मोबाइलवर एक आकडा दाखवतात, मग माणूस येऊन तपासतो आणि आकडा खाली येतो. हे गृहीतच धरा. सोलापुरात घरी येऊन तपासणी होते का, ते पिनकोड टाकून आधी बघा. तपासणीसाठी २५० किलोमीटरवर पुण्याला गाडी नेली की परत रिकाम्या हाताने यायचा कंटाळा येतो आणि मिळेल त्या भावाला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो.

भावाबद्दल आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. त्यामुळे मित्राने त्याआधी कितीला विकली होती, हे आता धरून बसू नका.

घेणारा विजयपूर किंवा कलबुर्गीचा असेल तर

सोलापूरकरांना हे नेहमीचं आहे. विजयपूर इथून शंभरेक किलोमीटर, रोजचं येणं-जाणं. पण गाडी कर्नाटकात गेली की नुसता टीटी फॉर्म पुरत नाही. आधी आपल्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी काढावी लागते. घेणाऱ्याला तिकडचा रस्ता कर भरून कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च टाळायला गाडी बरेचदा एमएच १३ वरच फिरत राहते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घेणं बंधनकारक आहे, पण तोवर चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतात. तेव्हा एनओसीचा अर्ज स्वतः करा आणि ती हातात आल्यावरच चावी द्या. चार पैसे कमी मिळाले तरी एमएच १३ किंवा अकलूजच्या एमएच ४५ पासिंगच्या भागातलं गिऱ्हाईक बरं पडतं. पुण्याचा घेणाराही चालेल, महाराष्ट्रात नंबर बदलत नाही.

आधी उरकून घ्यायचे कागद

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का बघा. ती नसेल तर नाव बदलायचं काम आरटीओत अडतं. कारसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरवलेला आहे. गाडीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज होतं का? हप्ते फिटले म्हणजे झालं असं नाही. आरसीवरचा 'एचपी' काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेली चलनं भरून टाका.

वडिलांच्या नावावरची गाडी, वडील आता नाहीत, आणि मुलगा विकतोय, हेही घरोघरी दिसतं. अशी गाडी थेट विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मग विकायची. कायद्याने त्यासाठी ३ महिन्यांची मुदत दिली आहे, उशीर झाला तर दंड बसतो.

पैशांबाबत अडचण एवढीच की एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. कर म्हणाल, तर घरच्या वापराच्या कारवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी' अशी बातमी फिरली होती, तो नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी आहे आणि त्यांच्या नफ्याच्या रकमेवर आहे. तुम्ही-आम्ही एकमेकांना गाडी विकली तर त्याचा संबंध येत नाही.

चावी देताना

एका कागदावर गाडीचा नंबर, किलोमीटर, किती पैसे कसे मिळाले आणि ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. वेळ विसरू नका, त्याच संध्याकाळी सिग्नल तोडला गेला तर तेवढीच ओळ कामाला येते. दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधारची कॉपी आणि भरलेल्या फॉर्म २९, ३० चे फोटो जवळ ठेवा. अपघाताची जबाबदारी या कागदाने टळत नाही, पण पोलिसांना गाडी कुणाकडे आहे हे दाखवता येतं.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नाहीतर सावळेश्वरच्या नाक्यावरून दुसरा जाईल आणि पैसे तुमचे कापले जातील. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर ३ वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो. हे पत्र घ्यायला बरेच जण विसरतात.

मग महिनाभराने परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाच्या नावाची सगळी अक्षरं तिथे दिसत नाहीत, मधे चांदण्या असतात, पण नाव आपलंच आहे की बदललं एवढं ओळखू येतं. बदललं नसेल तर घेणाऱ्याला फोन करा आणि फॉर्म २९ दिल्याची पोच घेऊन आरटीओत चौकशी करा.